जहाजावर पहिल्यांदा चाललात? मग "थांबा" म्हणायचा सराव करून जा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गल्लीतून यंदा दोन पोरं पहिल्यांदा जहाजावर चाललीत, एक डेक कॅडेट (शिकाऊ ऑफिसर) आणि एक ओएस (नवा खलाशी), आणि दोघांच्या आया येऊन मला विचारतात की भाऊजी, स्वेटर किती द्यायचे, लोणचं चालतं का. ते सांगतोच, पण सोळा वर्षं समुद्रावर काढल्यावर जे खरं सांगायचंय ते बॅगेत भरण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय. बेसिक कोर्स करून पोरगा जातो तेव्हा त्याला आग विझवता येते, राफ्टमध्ये चढता येतं, पण समोर साब चुकतोय असं दिसलं तर तोंड कसं उघडायचं याचा सराव त्याच्याकडून कोणी करून घेतलेला नसतो.

मी कॅडेट असताना मूरिंग, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं, चालू होतं, एक एबी (अनुभवी खलाशी) दोराच्या वळशात पाय ठेवून उभा होता आणि मला ते स्पष्ट दिसत होतं. मनात आलं की सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) एवढा जुना माणूस, त्याला दिसत असेलच, मी काल आलेला पोरगा काय बोलणार. विंच (दोर ओढणारं यंत्र) फिरला, दोर ताणला, आणि त्याचा घोटा चिरडला गेला. तो वाचला पण परत जहाजावर आला नाही. सारंगला दिसलंच नव्हतं, त्याचं तोंड विंचवाल्याकडे होतं. तिथे मला कळलं की तुम्ही गप्प राहिलात की समोरचा माणूस त्याचा अर्थ "सगळं ठीक आहे" असाच घेतो.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगा बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी उलटली, १९३ माणसं गेली. पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. ते बंद करायचं काम ज्याचं, तो असिस्टंट बोसन केबिनमध्ये झोपलेला, बोसन (म्हणजे सारंगच) त्या डेकवर होता पण दरवाजे बघणं त्याला आपलं काम वाटलं नाही, आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, दरवाजे उघडे आहेत की बंद हे दाखवणारा दिवाच नव्हता. कोणी तक्रार केली नाही म्हणजे दरवाजे बंद, असं धरून जहाज निघालं. अशा अपघातांतूनच आयएसएम कोड (जहाज सुरक्षितपणे चालवायची आंतरराष्ट्रीय नियमावली) आला, १९९८ पासून पॅसेंजर जहाजं, टँकर, बल्क कॅरिअर यांना आणि २००२ पासून बाकीच्या मालवाहू जहाजांना लागू झाला, तुम्ही रोज ज्या चेकलिस्ट भराल त्या बहुतेक याच्यामुळे. चेकलिस्ट भरताना दरवाजा स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मगच टिक करा.

आता बोलायचं कसं. जीवावरचं असेल तर साब, प्लीज वगैरे काही नाही, जोरात "स्टॉप" ओरडायचं आणि हात वर करायचा, कुठल्याही देशाच्या क्रूला कळतं. चुकीचं निघालं तर दोन मिनिटं वाया जातील, जाऊ देत. वेळ असेल तर प्रश्न विचारा, "साब, एक मिनट, गॅस चेक हुआ क्या?" प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही आणि समोरच्याला थांबून बघावं लागतं. ऑर्डर मिळाली की ती परत म्हणून दाखवा, समजलं नसेल तर मान हलवू नका, ही आपल्याकडची सवय फार घातक आहे, नुसतं "हो साब" म्हणून पोरगा चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला निघतो.

आणि आडवळणाने बोलू नका. १ ऑक्टोबर २०१५ ला एल फारो हे जहाज बहामाजवळ चक्रीवादळात बुडालं, ३३ जण होते, एकही वाचला नाही. व्हीडीआरचं, म्हणजे ब्रिजवरचं बोलणं टिपणाऱ्या यंत्राचं, रेकॉर्डिंग नंतर समुद्राच्या तळातून काढलं, त्यात कळतं की रात्री ऑफिसरांनी कॅप्टनला फोन करून दुसरा मार्ग सुचवला होता, पण सुचवण्यापलीकडे जोर लावून कोणी बोललं नाही आणि कॅप्टनने मार्ग बदलला नाही. म्हणून तीन गोष्टी एका दमात सांगा, मला काय दिसतंय, त्याने काय होईल, आणि आपण काय करावं असं मला वाटतं. "वारा वाढलाय" एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा "हं" म्हणतो आणि विषय संपतो.

बंद जागांबद्दल मात्र मला जास्त लिहायचंय कारण धडधाकट पोरं यातच जातात. चेन लॉकर (नांगराची साखळी ठेवायची जागा), बॅलास्ट टँक (जहाज तोलायला पाणी भरायची टाकी), व्हॉइड स्पेस (रिकामा बंद कप्पा), कोळसा किंवा लाकूड भरलेल्या होल्डचा (मालाच्या कोठाराचा) जिना, या सगळ्या ठिकाणी ऑक्सिजन गायब असू शकतो, कारण गंजणारं लोखंडसुद्धा हवेतला ऑक्सिजन खातं. आणि शरीराला कळतच नाही, कारण गुदमरल्यासारखं वाटतं ते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. वास नाही, खोकला नाही, दोन पायऱ्या उतरतो आणि खाली पडतो. मग वरचा दोस्त त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. हे वाचून तुम्हाला वाटेल मी असं करणार नाही, पण समोर आपला रूममेट पडलेला असताना पाय आपोआप धावतात, म्हणून आत्ताच ठरवून ठेवा की तेव्हा आपण फक्त अलार्म द्यायचा. आत जायचं ते एससीबीए (पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला श्वसनसंच) घातलेल्या टीमने. ईईबीडी (सुटकेसाठीचा छोटा श्वसनसंच) घालून कोणाला वाचवायला जायचं नाही, ते दहा-पंधरा मिनिटांत आपण बाहेर पळायला दिलेलं असतं.

आत उतरायच्या आधी ऑक्सिजनचा मीटर वर, मध्ये, तळाशी तिन्ही ठिकाणी लावलेला बघा. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, मीटर त्यापेक्षा कमी दाखवत असेल तर आत काहीतरी गडबड आहे, उतरू नका. आत जायच्या परमिटवर सही आधी आणि काम नंतर, जागेच्या तोंडाशी एक माणूस कायम उभा, आणि तो उभा राहणारा तुम्ही असाल तर चहा आणायलासुद्धा हलायचं नाही.

मूरिंगचं थोडक्यात. ताणलेला दोर तुटतो तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही. डेकवर धोक्याची जागा दाखवणारे पिवळे पट्टे मारलेले असले तरी पट्ट्याबाहेर सेफ असं धरू नका, रोलरवरून वळलेला दोर कुठेही झेपावतो. ताण असताना दोराच्या रेषेत आणि वळशात नाही, एवढं रोज स्वतःला सांगा.

अँकरेजवर, म्हणजे जहाज नांगर टाकून उभं असताना, लाँचमधून (छोट्या बोटीतून) जहाजावर चढायचं असेल तर लाइफ जॅकेट आधी घाला, बांधा, मग लाँचमध्ये पाय. आपल्या बडोद्याला हे समजवायला नको, १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटली आणि बारा मुलं, दोन शिक्षिका गेल्या, बोटीत जागेपेक्षा जास्त माणसं होती आणि कितीतरी जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आपल्या तलावात असं होतं, तिथे तर खाली स्वेल (समुद्राच्या मोठ्या लाटा) असतो.

रेस्ट अवर्सचं शीट दर महिन्याला सहीला येतं. नियम असा की कुठल्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती, आणि ते दहा तास दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नाही, त्यातला एक तुकडा किमान ६ तासांचा. बऱ्याच जहाजांवर शीट छान दिसतं आणि माणूस डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. मला माहितीये नवीन पोराला नाही म्हणणं कठीण आहे, म्हणून स्वतःची छोटी डायरी ठेवा, खरे तास त्यात लिहा, आणि मूरिंग किंवा उंचावरच्या कामाआधी झोप झाली नसेल तर सारंगला तसं सरळ सांगा, "मी कालपासून चारच तास झोपलोय." चांगला सारंग तुम्हाला खालच्या कामाला लावतो.

निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, लिहायला घाबरू नका. पण "हेल्मेट घातलं नव्हतं, सांगितलं" असले महिन्याचा कोटा भरणारे कागद लिहू नका, हातातून निसटलेला स्पॅनर खाली कोणाच्या शेजारी पडला ते लिहा. माणसाचं नाव नको, काय झालं आणि का झालं ते हवं, स्पॅनरला लॅनयार्ड (बांधायची दोरी) नव्हता, तेलकट हातमोजा होता, असं.

जे आता चीफमेट किंवा सेकंड इंजिनिअर आहेत त्यांच्यासाठी एकच. पहिल्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या बैठकीत) "कोई डाउट?" असं विचारलंत तर सगळे मान हलवतील. त्यापेक्षा सगळ्यात ज्युनियरला विचारा, "या कामात कुठे लागू शकतं, तू सांग." आणि ज्या दिवशी कोणी चुकून काम थांबवेल त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला थँक्यू म्हणा, कारण तुम्ही काय करता ते सगळे बघत असतात. त्या दिवशी झापलंत तर पुढचे सहा महिने तुम्हाला कोणी काही सांगणार नाही.

कॅप्टनपर्यंत जाऊनही ऐकलं नाही तर डीपीए म्हणजे कंपनीचा किनाऱ्यावरचा माणूस असतो, आयएसएममध्येच तो दिलाय, त्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो. जॉइन झाल्याच्या पहिल्या दिवशी त्या नंबरचा फोटो काढा आणि एक कॉपी घरी आईला पाठवून द्या, घरून तिला तो लावता येतो. सातव्या महिन्यात पोरगा फोनवर नुसतं "ठीक आहे" म्हणायला लागला तर काय विचारायचं तेही तिला सांगून ठेवा, झोप किती होते.