भूमिकाखेळाचा पहिला डाव कसा मांडावा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला, की दुपारी घराबाहेर पडणे जिवावर येते. अशा वेळी कूलरसमोर चार-पाच मित्र जमवून अद्भुतरम्य भूमिकाखेळाचा, म्हणजे प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन बोलत-बोलत कथा पुढे नेण्याच्या खेळाचा, पहिला डाव निश्चिंतपणे मांडता येतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला आद्य खेळ. त्याचे मूलभूत नियम इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, त्यामुळे आरंभीच महागडी पुस्तके घेऊ नयेत. चार ते वीस बाजूंच्या फाशांचा एक संच, कागद आणि पेन्सिली एवढे साहित्य पुरते.

एकाने कथेतले प्रसंग मांडणारा सूत्रधार व्हावे, बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घ्यावे. पात्राचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. त्यांच्यासाठी १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे आकडे आपल्या पसंतीने वाटून द्यावेत. नवख्याने योद्धा घ्यावा, कारण जादूगाराच्या मंत्रांची यादी पहिल्याच दिवशी डोके जड करते.

खेळाचा खरा गाभा सूत्रधाराच्या एका प्रश्नात आहे: ‘तू आता काय करतोस?’ समजा, कथा रामटेकजवळच्या नगरधन किल्ल्यावर बेतली आहे आणि योद्धा म्हणतो, ‘मी तटावर चढतो.’ सूत्रधाराने लगेच फासा टाकायला सांगू नये, ‘कशाच्या आधाराने?’ असे विचारावे. ‘वडाच्या पारंबीला धरून,’ असे उत्तर आले, की प्रसंग सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मध्यम अवघड कामासाठी १५ हे लक्ष्य ठेवतात. वीस बाजूंच्या फाशावर ११ पडले आणि ताकदीच्या आकड्यावरून नियमाने मिळणारे २ त्यात मिळवले, तर बेरीज १३ होते, म्हणजे लक्ष्य हुकले. येथे ‘तू पडलास’ एवढे सांगून मोकळे होणारा सूत्रधार कथा वाया घालवतो, असे माझे ठाम मत आहे. योद्धा वर पोहोचला, पण त्याच्या पायाखालचा दगड गडगडत खाली गेला आणि पहारेकऱ्याला जाग आली, असे सांगितले की पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

सूत्रधाराने एक ठिकाण, एक अडचण आणि स्वतःचा काही हेतू असलेले एक पात्र एवढीच तयारी करावी. शेवट आधी ठरवून ठेवला, तर खेळाडू नुसते श्रोते होतात. एखाद्या नियमावर वाद झालाच, तर सूत्रधाराने तात्पुरता निर्णय द्यावा आणि पुस्तक डाव संपल्यावर उघडावे.

तीन तासांनी, उत्सुकता शिल्लक असतानाच थांबावे. कोणाकडे कोणती वस्तू आहे आणि पहारेकरी कोठवर आला आहे, हे वहीत टिपून ठेवावे. पुढच्या डावाची तारीखही सगळे उठण्यापूर्वीच पक्की करून घ्यावी.