डेस्कटॉप प्रोग्राम आणि डेटाबेस : जोडणीत आणि क्वेरीत होणाऱ्या या चुका टाळा

म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या एखाद्या घाऊक दुकानासाठी बिलांचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव हमखास येतो. आपल्या संगणकावर महिनाभर विनातक्रार चाललेला प्रोग्राम दुकानात बसवला की पहिल्याच दिवशी अडतो, आणि दुकानदार फोनवर एवढेच सांगू शकतो की ‘एरर येते.’ अशा वेळी दोष डेटाबेसला दिला जातो. पण दुरुस्तीला बसल्यावर माझ्या असे लक्षात आले आहे की दोष बहुधा आपण लिहिलेल्या चार-दोन ओळींत असतो आणि तो सापडत नाही, कारण एररचा मूळ मजकूर आपणच झाकलेला असतो.

म्हणून सर्वांत मोठी चूक आधी सांगतो. ट्राय-कॅच (एरर पकडणारी रचना) लिहायचे, कॅचचा भाग रिकामा ठेवायचा किंवा त्यात ‘काहीतरी चुकले’ असा संदेश दाखवून मोकळे व्हायचे, ही सवय फार महागात पडते. दुकानदाराला साध्या मराठीत किंवा कोकणीत एक वाक्य दाखवणे योग्यच आहे, परंतु त्याच क्षणी एररचा क्रमांक, पूर्ण मजकूर, वेळ आणि जी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवली तिचा मजकूर एका लॉग फाइलमध्ये लिहिला गेला पाहिजे. पासवर्ड मात्र त्या फाइलमध्ये कधीही जाता कामा नये. पणजीत बसून काणकोणच्या दुकानातील दोष शोधायचा असेल, तर ही फाइल हाच एकमेव भरवशाचा साक्षीदार असतो.

जोडणी नेमकी कुठे तुटली?

‘कनेक्ट होत नाही’ या तीन शब्दांत चार वेगवेगळे प्रसंग दडलेले असतात : प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही, पोहोचला पण त्याची ओळख पटली नाही, ओळख पटली पण डेटाबेस उघडला नाही, किंवा सर्व काही उघडले आणि क्वेरी पडली. यांपैकी कोणता प्रसंग आहे हे ठरवण्याआधी कनेक्शन स्ट्रिंग (सर्व्हर, डेटाबेस आणि लॉगिन सांगणारी ओळ) बदलत बसणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरचे उदाहरण घेऊ, कारण लहान दुकानांत तोच अधिक आढळतो. एकाच संगणकावर तो नीट चालतो आणि शेजारच्या टेबलावरील संगणकाला मात्र सापडत नाही. याचे नेहमीचे कारण असे की एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडणीची पद्धत) मुळातच बंद ठेवलेले असते. ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून सुरू करून सेवा पुन्हा चालू करावी लागते. शिवाय एक्सप्रेस बहुधा स्वतंत्र नाव दिलेला इन्स्टन्स (सर्व्हरची प्रत) म्हणून बसतो आणि त्याचा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ठरलेला नसतो. तो पोर्ट कोणता हे सांगण्याचे काम ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ ही सेवा यूडीपी १४३४ वर करते. ही सेवा बंद असली किंवा फायरवॉलने अडवली, की ‘सर्व्हर किंवा इन्स्टन्स सापडत नाही’ अशा अर्थाची २६ क्रमांकाची एरर येते. मी अशा ठिकाणी इन्स्टन्सला टीसीपी १४३३ हा पोर्ट कायमचा नेमून देतो, फायरवॉलमध्ये तेवढाच उघडतो आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पोर्ट स्पष्ट लिहितो. त्यानंतर पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने तो पोर्ट दुसऱ्या संगणकावरून उघडा दिसतो की नाही, हे अर्ध्या मिनिटात कळते आणि वाद मिटतो.

एरर १८४५६ आली, तर सर्व्हर सापडला आहे आणि अडचण ओळखीची आहे हे निश्चित. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : प्रोग्रामला मिळणाऱ्या संदेशात खरे कारण मुद्दाम लपवलेले असते, जेणेकरून आगंतुकाला अंदाज बांधता येऊ नये. खरे कारण सर्व्हरच्या स्वतःच्या एरर लॉगमध्ये ‘स्टेट’ या आकड्याने नोंदलेले असते. स्टेट ५ म्हणजे असा लॉगिन अस्तित्वात नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, आणि ५८ म्हणजे सर्व्हर केवळ विंडोज ओळख स्वीकारतो व आपण एसक्यूएल लॉगिन पाठवले आहे. हा लॉग न उघडता तासन्तास पासवर्ड बदलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

अलीकडे आणखी एक प्रसंग वाढला आहे. मायक्रोसॉफ्टच्या नव्या डेटा क्लायंटने (मायक्रोसॉफ्ट डेटा एसक्यूएलक्लायंट या लायब्ररीने) २०२१ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडणी कूटबद्ध करणे हेच मूळ धोरण ठेवले, त्यामुळे लायब्ररी अद्ययावत करताच जुना प्रोग्राम सर्टिफिकेट विश्वासार्ह नसल्याची तक्रार करू लागतो. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ खरे केले की तक्रार थांबते. मात्र त्यामुळे सर्व्हर खरा आहे की नाही याची पडताळणीही थांबते, हे समजून घेऊनच तो मार्ग दुकानाच्या बंदिस्त जाळ्यापुरता वापरावा.

ॲक्सेसच्या फाइलींचे दुखणे

जुन्या एमडीबी फाइलींवर चालणारे प्रोग्राम गोव्यात अजून पुष्कळ आहेत. ‘प्रोव्हायडर या संगणकावर नोंदलेला नाही’ ही एरर दिसली, की लोक ऑफिस पुन्हा बसवतात. परंतु जेट ४.० हा प्रोव्हायडर (प्रोग्राम आणि फाइल यांना जोडणारा भाग) फक्त ३२ बिटचाच आहे आणि ६४ बिटने चाललेल्या प्रोग्रामला तो कधीच सापडणार नाही. प्रोग्राम एक्स-८६ साठी, म्हणजे ३२ बिटसाठी, बांधणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. त्याच्या जागी आलेला एसीई दोन्ही प्रकारांत मिळतो, पण प्रोग्राम आणि प्रोव्हायडर यांचे बिट जुळलेच पाहिजेत.

दुसरी एरर अधिक फसवी आहे. ‘ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी’ असे वाचून आपण क्वेरी तपासत बसतो, पण कारण बहुतेक वेळा फोल्डरच्या परवानगीत असते. फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवली की साध्या वापरकर्त्याला तेथे लिहिता येत नाही, आणि ॲक्सेसला तर फाइलीशेजारी स्वतःची लॉक फाइलही तयार करावी लागते. डेटाची जागा वेगळी ठेवावी आणि इन्स्टॉल करतानाच त्या फोल्डरवर सर्व वापरकर्त्यांना बदलाची परवानगी द्यावी.

नवशिक्यांना छळणारी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. व्हिज्युअल स्टुडिओत डेटाबेसची फाइल प्रकल्पात जोडली आणि ‘कॉपी ऑल्वेज’ ठेवले, तर प्रत्येक बिल्डला कोरी प्रत डीबगच्या फोल्डरमधील भरलेल्या प्रतीवर बसते. ‘डेटा सेव्ह होत नाही’ ही तक्रार अनेकदा यातूनच जन्म घेते.

क्वेरीतील चुका : नावे, तारखा आणि गप्प बसलेले अपडेट

मजकुराचे तुकडे जोडून क्वेरी बनवणे ही चूक सगळीकडे होते, पण गोव्यात ती पहिल्याच आठवड्यात उघडी पडते. डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा ही आडनावे रोमी लिपीत लिहिताना डीनंतर वरचा स्वल्पविराम येतो, आणि तेच चिन्ह एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण असते. असे नाव भरताच क्वेरी मधेच तुटते. ते चिन्ह दोनदा लिहून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. माझे स्पष्ट मत आहे की तो उपाय नव्हे, कारण ज्या फटीतून हे निरुपद्रवी नाव क्वेरी मोडते, त्याच फटीतून जाणूनबुजून लिहिलेला मजकूर तुमचा तक्ता पुसू शकतो. पॅरामीटर (क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी पाठवलेली मूल्ये) वापरावेत, आणि प्रत्येक ठिकाणी वापरावेत.

तारखांवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण येथे एररच येत नाही. ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये हॅशच्या चिन्हांत लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून वाचली जाते. २०२४ साली चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला होती. त्याआधीच्या गर्दीच्या चार दिवसांची, म्हणजे ३ ते ६ सप्टेंबरची बिले दिवस-महिना-वर्ष अशी जोडून लिहिली, तर ती अनुक्रमे ९ मार्च, ९ एप्रिल, ९ मे आणि ९ जूनला जाऊन बसतात. १३ तारखेपासून मात्र तेरावा महिना नसल्यामुळे ॲक्सेस स्वतःच दिवस आधी धरतो आणि सर्व सुरळीत दिसते. म्हणून महिन्याच्या उत्तरार्धात चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही, आणि वर्षाचा हिशेब लावताना चवथीच्या आठवड्याची विक्री गायब असते. तारीख पॅरामीटरमधून तारीख म्हणूनच पाठवावी. मजकुरात लिहिणे अटळच असेल, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ अंक लिहावेत. तसेच ‘बिट्वीन’ने महिन्याचा हिशेब काढताना नोंदीत वेळही साठवलेली असेल, तर शेवटच्या दिवसाची मध्यरात्रीनंतरची सर्व बिले सुटतात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपेक्षा लहान, अशी अट लिहावी.

ॲक्सेसला जोडणाऱ्या ओलेडीबीत पॅरामीटरची नावे विचारात घेतली जात नाहीत, फक्त क्रम पाहिला जातो. अपडेटमध्ये ‘व्हेअर’चा पॅरामीटर आधी जोडला, तर अनेकदा एरर न येता शून्य नोंदी बदलतात. एक्झिक्यूट-नॉनक्वेरी ही आज्ञा किती नोंदी बदलल्या ते सांगते. तो आकडा पाहिल्याशिवाय ‘जतन झाले’ असा संदेश दाखवू नये.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर रकाना एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) आहे का आणि मजकुराआधी एन लावला आहे का, ते पाहावे. एकदा प्रश्नचिन्हे जतन झाली की मूळ नाव परत मिळत नाही, त्यामुळे ही तपासणी पहिल्या दिवशीच झाली पाहिजे.

उघडी राहिलेली कनेक्शने

काही जण सकाळी कनेक्शन उघडून दिवसभर तेच वापरतात. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली आणि नेटवर्कचा स्विच बंद पडून पुन्हा सुरू झाला, की ते कनेक्शन मेलेले असते आणि पुढचे बिल अडते. याउलट काही जण प्रत्येक बिलाला नवे कनेक्शन उघडतात आणि बंद करायला विसरतात; डॉट नेटच्या पूलमध्ये (पुन्हा वापरण्यासाठी राखलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) मुळात १०० कनेक्शनांचीच मर्यादा असल्याने दुपारी कधीतरी प्रोग्राम १५ सेकंद थांबून टाइमआउट देतो. गरज असेल तेव्हा यूजिंगच्या (काम संपताच आपोआप बंद करणाऱ्या) कंसात उघडावे आणि काम होताच सोडावे, बाकीची काळजी पूल घेतो.

हे १५ सेकंद जोडणीचे आहेत. क्वेरीसाठी वेगळी, मुळात ३० सेकंदांची मर्यादा असते. संथ अहवालासाठी कनेक्शन स्ट्रिंगमधील कनेक्ट टाइमआउट वाढवून काहीच साधत नाही, आणि कमांडचा टाइमआउट वाढवण्याआधीही ज्या रकान्यावर अट आहे त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का, हे पाहावे.