तुमचा आवाज तुटतोय की त्यांचा?

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या महिन्यात हमखास विचारतो, "घरी फोन लावला की आवाज तुटतो, नेटचा मोठा प्लॅन घेऊ का?" घेऊ नका. मी घेतला होता. महिन्याला वीस डॉलर जास्त भरले, आणि आईचं "हॅलो, हॅलो... अरे, पाण्यात बसून बोलतोयस का?" तसंच चालू राहिलं. कंपनीने डाउनलोड वाढवून दिला होता. अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेग, होता तेवढाच.

इंटरनेटवरच्या एका कॉलला एका दिशेला जेमतेम ९० किलोबिट लागतात. ३०० मेगाबिटच्या प्लॅनमध्ये त्याची गणतीही होत नाही. प्रश्न वेळेचा असतो. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे (पॅकेट) पाडतात, सेकंदाला ५०. एखादा वाटेत अडकला तर पलीकडचा फोन क्षणभर वाट बघतो, नंतर आलेला सरळ टाकून देतो. पंगत उठल्यावर आलेल्या जिलबीचं जे होतं तेच. दोघं एकदम बोलायला लागतात, ते मात्र अंतरामुळे. त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही.

म्हणून सगळ्यात आधी विचारायचं: तुटका कुणाला ऐकू येतोय? आईला तुमचा आवाज तुटक येत असेल तर संशय तुमच्या अपलोडवर. तुम्हाला आईचा तुटक येतो, पण न्यूयॉर्कच्या मित्राचा स्वच्छ येतो, तर दोष बहुधा तिकडचा. या एका प्रश्नाने निम्मी धावपळ वाचते.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. रविवारी सकाळी साडेआठला, उन्हाळ्यात तिकडे भारतात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, तेव्हा आमचा फोन ठरलेला. आदल्या दिवशी मुलाचा वाढदिवस झालेला. घरातले तीन फोन रात्रभर चार्जिंगला, आणि सकाळपर्यंत सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवणं चालूच. केबलच्या जोडणीत अपलोड आधीच अरुंद. मॉडेममध्ये रांग लागते आणि माझा आवाज त्या व्हिडिओंच्या मागे उभा राहतो. बॅकअप थांबवला. आई म्हणाली, "आता कसा खणखणीत आला!" नंतर राउटरमध्ये कॉलला प्राधान्य देणारी क्यूओएसची सोय सापडली. तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवली, की रांग मॉडेममध्ये साचत नाही.

दुसरा चोर वायफाय. अपार्टमेंटमध्ये वरचे, खालचे, शेजारचे सगळ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर दाटीवाटीने बसलेले, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. आमच्याकडे फ्रोझन पराठा दीड मिनिट गरम व्हायचा आणि बरोबर दीड मिनिट आवाज तुटायचा. हे लक्षात यायला मला चार महिने लागले. फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि राउटरच्याच खोलीत बसून बोला, कारण ५ ला भिंती फारशा झेपत नाहीत. लॅपटॉपवरून बोलत असाल तर सरळ लांब इथरनेट वायर आणून जोडा. ब्लूटूथचे इअरबड काढून एकदा बघा. कधीकधी नेट बिचारं निर्दोष असतं.

तरी तुटतंय? लॅपटॉपवरून आधी राउटरला पिंग करा, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात ते बघा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडे शंभरेक वेळा. राउटरपर्यंतच आकडे उड्या मारत असतील तर घरातलं वायफाय बघा. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे गळती, म्हणजे काही उत्तरं येतच नाहीत, तर भिंतीतून येणाऱ्या केबलचा नट हाताने घट्ट करा, केबलच्या दोन वाटा करणारा मधला जुना स्प्लिटर काढा, आणि मगच कंपनीला फोन लावा. "आवाज तुटतो" म्हणालात तर ते मॉडेम बंद करून चालू करायला लावतील. "शंभरातले सहा पॅकेट गळतात, वायर लावूनसुद्धा" म्हणालात तर बोलणं लवकर तंत्रज्ञापर्यंत जातं.

घरात इंटरनेटवर चालणारा टेबलफोन घेतला असेल तर एक काम आजच करा. ९११ या आणीबाणीच्या नंबरसाठी त्या फोनच्या कंपनीकडे तुमचा पत्ता नोंदवलेला असतो. घर बदललं की तो तुम्हालाच बदलावा लागतो. आणि वीज गेली की राउटरबरोबर तो फोनही जातो, हे घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

तिकडच्या बाजूचं म्हणाल, तर आमच्या घरी राउटर स्टीलच्या कपाटामागे होता, वर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल. भाच्याला सांगून तो कपाटाच्या पुढे आणवला. रुमाल आईने पुन्हा घातलाय. असू दे, त्याने आवाज अडत नाही.