१९७१ ची ‘निर्घात’ १:१०० मापात: मिसाईल बोटीचं मॉडेल कसं बांधावं

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चाल करून गेलेल्या निर्घात, निपात आणि वीर या तिन्ही बोटी विद्युत वर्गाच्या, म्हणजे सोव्हिएत बनावटीच्या ‘ओसा’ मिसाईल बोटींच्या पहिल्या आवृत्तीच्या (ओसा-१) होत्या. पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ बुडवली ती निर्घातने. हे मॉडेल चांगलं किंवा वाईट ठरतं ते चार लाँचरवर, म्हणजे डेकवरच्या क्षेपणास्त्र सोडणाऱ्या पेट्यांवर. बाकी सगळं नीट जमलं आणि लाँचर चुकले, तर ती बोट निर्घात राहत नाही. म्हणून खालचा बराचसा मजकूर त्यांच्यावरच आहे.

आधी फोटो तपासा

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली नावामुळे: निर्घात, निपात, वीर, विनाश ही नावं पुढे वीर वर्गाच्या मोठ्या बोटींनाही दिली गेली. नुसतं नाव टाकून शोधलं की त्याच बोटी समोर येतात. ओळखायची खूण म्हणजे नंबर. १९७१ ची वीर के ८२, निपात के ८६ आणि निर्घात के ८९. नंतरची वीर के ४०, निपात के ४२, निर्घात के ४४.

दुसरी फसगत कारवारची. तिथे टागोर किनाऱ्यावर ‘चपल’ ठेवली आहे. बोट जवळून पाहायची तर तिथे जरूर जावं, पण ती ओसाच्या दुसऱ्या आवृत्तीची (ओसा-२) आहे आणि तिचे लाँचर नळकांड्यासारखे गोल आहेत. निर्घातचे लाँचर पेटीसारखे होते. कारण साधं आहे: या बोटींवरच्या पी-१५ क्षेपणास्त्राच्या पहिल्या आवृत्तीचे पंख दुमडत नसत. पंखांचा पसारा सुमारे २.४ मीटर, त्यामुळे ते पसरलेल्या पंखांनिशी मावेल एवढी रुंद पेटी लागायची. पुढे दुमडते पंख आले आणि लाँचर गोल झाले.

आराखडा आणि बूड

बोटीची लांबी ३८.६ मीटर, रुंदी ७.६४ मीटर. १:१०० मध्ये ३८६ आणि ७६ मिमी होतात, म्हणजे आराखडा ए३ कागदावर पूर्ण मावतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर पट्टीने ३८६ मोजा. २-३ टक्के लहान छपाई डोळ्याला कळत नाही. ती कळते शेवटी, लाँचर डेकवर मावत नाहीत तेव्हा.

फक्त पाण्यावरचा भाग करायचा असेल तर बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) ५ मिमी फळ्यांचे थर एकावर एक चिकटवा. प्रत्येक थरावर मधली रेघ दोन्ही टोकांपर्यंत ओढून ठेवा आणि थर त्या रेघेवरच जुळवा. फेविकॉल पातळ लावा, वर वजन ठेवा, रात्रभर हात लावू नका. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आकार पुठ्ठ्याच्या साच्याने तपासत घासा, मागची बाजू मात्र सरळ कापलेली आणि रुंद राहू द्या. बाल्सा रंग पितो आणि रेषा उठून दिसतात, म्हणून सँडिंग सीलरचे तीन हात द्या आणि प्रत्येक हातानंतर ३२० चा पॉलिशपेपर फिरवा.

लाँचर

सुरुवात एका मापकाने करा. जाड कागदाचा ५८ मिमी लांबीचा पट्टा कापा, त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४ मिमी भरतील असे पंख चिकटवा. हेच तुमचं क्षेपणास्त्र. पेटी बाहेरून कितीही छान दिसू दे, हा कागद आत सपाट सरकला नाही तर ती अरुंद आहे. उलट बाजूने ताळा असा: प्रत्येक पेटी बाहेरून साधारण २७ मिमी धरली तर डाव्या-उजव्या मिळून ५४ मिमी होतात आणि ७६ मधून मधल्या बांधणीला जेमतेम २२ मिमी उरतात. खरी बोट अशीच दाटीवाटीची दिसते. मध्ये ऐसपैस जागा उरली तर पेट्या लहान झाल्यात, खुशाल मोडा आणि पुन्हा करा.

०.५ मिमी स्टायरीन (प्लास्टिकची) शीट वापरा. चार पेट्यांची मिळून आठ टोकं एका गठ्ठ्यात चिकटपट्टीने बांधा आणि एकदमच कानस मारा, म्हणजे वरच्या कडांची गोलाई सगळीकडे एकसारखी येते. छताची शीट गरम पाण्यात धरून पेन्सिलीवर वाकवा आणि थंड झाल्यावरच चिकटवा. तळाला १.५ मिमीचं एक भोक पाडायला विसरू नका. बंद पेटीत शीट चिकटवायच्या द्रावणाची वाफ कोंडली की शीट आतून मऊ पडते आणि महिनाभराने, रंगकाम झाल्यावर, बाजू आत बसतात. तेव्हा काही करता येत नाही.

पुढच्या दोन आणि मागच्या दोन पेट्यांचा चढ सारखा नसतो. मागचं क्षेपणास्त्र पुढच्या पेटीवरून निघून जायला हवं, म्हणून मागच्या पेट्या जास्त उचललेल्या. कोन आराखड्यावरून घ्या आणि पेटीखाली बाल्साची पाचर बसवा. ६० मिमी लांबीवर १ मिमीचा फरक म्हणजे साधारण १ अंश, तेव्हा पाचर घासताना हात सावकाश चालवा. डाव्या-उजव्या पाचरी एकत्र पकडूनच घासा.

तोफा, डोलकाठी, रंग

एके-२३० तोफांचे दोन बुरूज, एक पुढे, एक मागे, प्रत्येकी दोन नळ्या. घुमट एम-सीलचा करा, नळ्या २५ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईच्या. सुई पक्कडीने तोडली तर तोंड चपटं होतं. कानशीच्या धारेने गोल फिरवत खाच पाडा आणि मोडा. तोफांचा नेम धरणारं गोल रडार मागच्या भागात उंच खांबावर येतं, शोध घेणारं डोलकाठीवर. डोलकाठी ०.५ मिमी पितळी तारेची, डाखून घ्या. नुसत्या सुपरग्लूने चिकटवलेली पुढे धक्क्याने निखळते.

करड्या रंगाची छटा काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ठरवू नका. निवडलेला रंग आधी लाँचरच्या उरलेल्या तुकड्यावर मारून उन्हात बघा. दोन पातळ हात, मग नंबर, मग मॅट वार्निश. कठड्याच्या तारा आणि अँटेना वार्निश वाळल्यावरच लावा, नाहीतर मास्किंग टेप काढताना त्या हमखास सोबत येतात.