आधी कूलर उघडा, मग थर्मोडायनॅमिक्स

मी नागपुरात मेकॅनिकलला शिकवते. प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे आधी प्रश्न देऊन त्यातून विषय शिकवणं, सुरू करायचं असेल तर ज्याची झळ मुलांना स्वतःला बसते असा प्रश्न निवडा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली डॉक्टर घडवण्यासाठी ही पद्धत सुरू झाली. आपल्याला मे महिन्यातला कूलर पुरे.

चार-पाच जणांचा गट करा. प्रश्न एका ओळीचा द्या: ‘कूलर सुरू असूनही होस्टेलच्या खोलीत चिकचिक का होते?’ सूत्र सांगू नका. पंप, मोटर, ताट्या (ज्यांवरून पाणी झिरपतं त्या बाजूच्या जाळ्या) सुट्या करू द्या. मात्र प्लग काढलाय हे स्वतः बघा. पाण्याशेजारी वीज आहे, इथे सवलत नाही.

मग दोन थर्मामीटर द्या. एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून त्यावर पंख्याचा वारा घ्यायचा. कोरडा ४४ अंश आणि ओला २५ दाखवत असेल, तर कूलरची हवा २५ च्या खाली जाणारच नाही, कारण पाणी उडून हवा जास्तीत जास्त तेवढीच गार होते. ताट्यांची कार्यक्षमता ८० टक्के धरली, म्हणजे या १९ अंशांच्या फरकापैकी ८० टक्के उतार मिळाला, तर हवा साधारण २९ अंशांची यायला हवी. प्रत्यक्षात ३३ मोजली गेली की खरा तास सुरू होतो! ताट्यांवर क्षार जमलेत? पाण्याची नळी तुंबलीय? खिडकी बंद असल्याने दमट हवा कोंडलीय? मुलं वाद घालतील, घालू द्या. तुम्ही उत्तर सांगून टाकू नका, हे सगळ्यात अवघड.

गुण देताना वही बघा: मोजण्याआधी अंदाज लिहिलाय का? जुलैत, पाऊस लागल्यावर, हीच मोजणी पुन्हा करून घ्या.