हायस्कूल क्रॉस कंट्री: टीम परराज्यात नेण्याआधी काय तपासायचं

अमेरिकेतल्या हायस्कूलची क्रॉस कंट्री (मैदानं-टेकड्यांवरून लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत) टीम किती लांब जाऊ शकते, याला देशभर चालेल असं एक उत्तर नाही. एनएफएचएस ही हायस्कूल खेळांची राष्ट्रीय संस्था इंडियानापोलिसला आहे, पण अंतराची मर्यादा ती ठरवत नाही. ती ठरवते राज्याची संघटना: कॅलिफोर्नियात सीआयएफ, टेक्सासात यूआयएल, मिशिगनमध्ये एमएचएसएए, ओहायोत ओएचएसएए. तिच्याखाली सेक्शन किंवा लीग येते आणि त्याखाली शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ. या सगळ्यांचे नियम एकाच वेळी लागू असतात आणि सर्वांत कडक असेल तोच चालतो. राज्याची परवानगी आहे म्हणून डिस्ट्रिक्टचा नकार मागे पडत नाही.

मुलगा किंवा मुलगी टीममध्ये आहे, आपण बूस्टर क्लबात (टीमसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या गटात) थोडीफार मदत करतो आणि कोचने "ऑक्टोबरात बाहेरच्या राज्यात जाऊया" असं म्हटलं आहे, अशा मराठी पालकांसाठी ही माहिती आहे. विचारणा जून-जुलैत करावी. सप्टेंबरात वेळापत्रक पक्कं झाल्यावर अॅथलेटिक डायरेक्टरकडे (शाळेतल्या खेळांच्या प्रमुखाकडे) फारसा वाव उरत नाही.

नियम कुठे आणि कसा शोधायचा

राज्य संघटनेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची नियमावली असते. तिच्यात क्रॉस कंट्रीचं पान आधी उघडू नका, प्रवासाचा नियम बहुतेकदा तिथे सापडत नाही. तो सर्व खेळांच्या सामाईक भागात, परराज्यातल्या स्पर्धा किंवा सँक्शन (स्पर्धेला अधिकृत मंजुरी) या मथळ्याखाली असतो. वाचताना पाच गोष्टी टिपून ठेवा.

अंतर मोजताना एकेरी धरलं आहे की जाऊन-येऊन, हे पाहा. ६०० मैलांची मर्यादा (सुमारे ९६५ किमी) जाऊन-येऊन धरलेली असेल, तर एका दिशेला ३०० मैलच मिळतात. हे न वाचता ५०० मैलांवरच्या मीटसाठी (स्पर्धेसाठी) हॉटेल बुक केलं, तर पुढचं सगळं वाया जातं. शेजारची राज्यं त्या मर्यादेतून सुटतात का, हा दुसरा मुद्दा. बऱ्याच राज्यांत सीमा लागून असलेल्या राज्यांना वेगळा, सैल नियम असतो. तिसरा मुद्दा शाळेचे तास बुडण्याचा. चौथा, हंगामात किती मीट करता येतात याचा. पाचवा, हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो याचा, कारण त्या तारखांबाहेर शाळेच्या नावाने धावताच येत नाही.

प्रत्यक्षात टीम अंतरामुळे क्वचितच अडते. ती अडते शाळेच्या तासांवर आणि बसवर. टेक्सासात यूआयएलच्या नियमानुसार शाळेच्या आठवड्यात एका खेळात साधारण एकच स्पर्धा करता येते, म्हणून गुरुवारची मीट घेतली की त्याच आठवड्यात मधल्या वारी दुसरी मीट करता येत नाही. त्याच राज्यात १९८४ च्या कायद्याने आलेला "नो पास, नो प्ले" नियम आहे: ग्रेड घसरली तर मुलाला मीटला नेता येत नाही, मग बसचं तिकीट भरलेलं असो वा नसो. शुक्रवारी दुपारी निघायचं असेल तर शेवटचे दोन तास बुडतात. ते "शाळेच्या कामासाठी गैरहजर" म्हणून नोंदले जातात की साधी गैरहजेरी म्हणून, हे हजेरी कार्यालयाला लेखी विचारा. परीक्षांच्या तारखाही तपासा. कॉलेज प्रवेशाची सॅट शनिवारी सकाळी असते आणि मोठी इन्व्हिटेशनल (अनेक शाळांना बोलावलेली मीट) हीसुद्धा शनिवारी सकाळीच. तिची पूर्वपरीक्षा पीएसएटी ऑक्टोबरात येते.

सँक्शन कोणी आणि कशासाठी घ्यायचं

इथे मात्र एनएफएचएस येते. राज्याबाहेरचे संघ येणाऱ्या काही स्पर्धांना तिचं सँक्शन लागतं: बाहेरची संस्था, म्हणजे बुटांची कंपनी वगैरे, सहआयोजक असेल किंवा स्पर्धेला तिचं नाव असेल तर, शेजारची नसलेली राज्यं असतील आणि एकूण ५ किंवा जास्त राज्यांचे संघ असतील तर, तशाच परिस्थितीत ८ हून जास्त शाळा असतील तर, आणि परदेशी संघ असेल तर. कॅनडा आणि मेक्सिको इथे शेजारचं राज्य मानले जातात.

अर्ज यजमान शाळा आपल्या राज्य संघटनेमार्फत करते. पाहुण्या शाळेचं काम म्हणजे नोंदणी शुल्क भरण्याआधी सँक्शन झालं आहे का ते विचारणं आणि आपल्या राज्याने आपली शाळा मंजूर केली आहे का ते पाहणं. "दरवर्षी होते ती मीट" हे उत्तर ग्राह्य धरू नका. सँक्शन नसलेल्या मीटमध्ये धावल्याची किंमत शाळा चुकवते: निकाल रद्द होणं, कोचवर कारवाई, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर राहणं.

बसचे तास

परराज्यात खासगी चार्टर बस न्यायची ठरली की केंद्र सरकारचे नियम लागतात. प्रवासी बसचालकाला ८ तास विश्रांतीनंतर १० तासच गाडी चालवता येते, आणि कामावरचे एकूण १५ तास झाल्यावर पुढे गाडी हाकता येत नाही. मीट चालू असताना चालकाला कामातून खरोखर मोकळं केलं आणि तो विश्रांती घेत असेल, तर तो वेळ या १५ तासांत धरत नाहीत. बसजवळ थांबायला लावलं तर धरतात.

याचा हिशेब करून पाहा. मीट २८० मैलांवर आहे आणि बस सरासरी ताशी ५५ मैल धरली, तर एका बाजूला सुमारे ५ तास ५ मिनिटं. जाऊन-येऊन १० तासांच्या वर. म्हणजे एक चालक आणि एका दिवसात परत, हे जमत नाही. दुसरा चालक घ्या, नाहीतर एक रात्र मुक्काम करा. एका चालकाने, गर्दी आणि थांबे धरून, आरामात होणारं अंतर एका दिशेला सुमारे २०० मैल. राज्याचा नियम ३०० म्हणत असला तरी एका दिवसाच्या मीटसाठी व्यवहारातली हद्द तीच.

कंपनी निवडताना तिचा यूएसडॉट क्रमांक (केंद्रीय वाहतूक नोंदणीचा) मागून घ्या आणि केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या सेफर या संकेतस्थळावर तपासा. १६ किंवा जास्त आसनांच्या आंतरराज्य बसला किमान ५० लाख डॉलरचा विमा लागतो. विम्याचं प्रमाणपत्र डिस्ट्रिक्टला आधीच हवं असतं.

मोठ्या व्हॅनचा मोह टाळा. टीमला ७ धावपटू आणि दोघं राखीव एवढंच न्यायचं असलं की "१५ आसनी व्हॅन भाड्याने घेऊ" असं कोणीतरी म्हणतं. १० हून जास्त माणसं भरली की अशी व्हॅन उलटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, असा इशारा केंद्रीय सुरक्षा खात्याने दिलेला आहे, आणि नवी १५ आसनी व्हॅन शाळेच्या मुलांच्या नियमित वाहतुकीसाठी शाळेला विकणं वा भाड्याने देणं कायद्याने मना आहे. ८ आसनी दोन मिनीव्हॅन त्यापेक्षा बऱ्या. पालक गाडी चालवणार असतील, तर डिस्ट्रिक्ट ड्रायव्हिंग रेकॉर्ड आणि ठरावीक रकमेपर्यंतचा विमा मागतो. साध्या विम्यात ती रक्कम बसत नाही असं अनेकदा शेवटच्या आठवड्यात कळतं, त्यामुळे पॉलिसीचं पहिलं पान ऑगस्टमध्येच पाहून ठेवा. धावपटूंनी स्वतः गाडी चालवत परराज्यात जाणं जवळपास कुठेच चालत नाही.

परतीची गंमत वेगळी. शर्यत संपल्यावर मुलीला आपल्या गाडीतून नेऊ म्हणालात, तर कोच हो म्हणू शकत नाही. मुलीला तुमच्या ताब्यात देण्याचा, आधी सही केलेला फॉर्म लागतो, बऱ्याच शाळांत आदल्या दिवसापर्यंत. तो फॉर्म स्वतःच्या पालकांपुरताच असतो. शेजारच्या कुलकर्णी काकूंच्या गाडीतून परत यायचं असेल, तर त्यांच्या नावाने वेगळा लागतो.

पैसे

नियम राज्यागणिक बदलतो, पण कॅलिफोर्नियाचा ठाऊक असावा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरकारी शाळांतल्या अभ्यासेतर उपक्रमांची फी घटनाबाह्य ठरवली. पैसे नाहीत म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही. म्हणजे "प्रत्येकी ४५० डॉलर, शुक्रवारपर्यंत" असा निरोप देता येत नाही. "ऐच्छिक देणगी" असं लिहून, न देणाऱ्यालाही नेणं भाग असतं. बूस्टर क्लबने बजेट करताना हे धरूनच करावं. त्याच राज्यात शिक्षण संहितेनुसार सहलीला गेलेला माणूस डिस्ट्रिक्टवरचे दावे सोडून देतो असं मानलं जातं, आणि परराज्याच्या सहलीसाठी पालकांना तसं लेखी द्यावं लागतं. सही करण्याआधी आपला आरोग्य विमा त्या राज्यात चालतो का ते पाहा. एचएमओ (ठरावीक डॉक्टर-रुग्णालयांपुरता विमा) असेल तर तातडीच्या उपचारांपलीकडे फारसं काही मिळत नाही.

मुलांच्या टीमला विमानाने पाठवलं आणि मुलींना पिवळ्या बसने, असं होत असेल तर १९७२ च्या टायटल नाइनचा (शिक्षणात मुला-मुलींत भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याचा) मुद्दा उभा राहतो. प्रवास आणि भत्ता ही त्या कायद्याखाली तुलना करण्याची ठरलेली बाब आहे. शांतपणे, लेखी विचारा.

कागदपत्रं, खास आपल्या घरांसाठी

देशांतर्गत विमानात १८ वर्षांखालच्या प्रवाशाकडे टीएसए (विमानतळावरची सुरक्षा यंत्रणा) ओळखपत्र मागत नाही. पण बारावीतली काही मुलं ऑक्टोबरात १८ ची झालेली असतात. ७ मे २०२५ पासून त्यांना रिअल आयडी किंवा पासपोर्ट लागतो. भारतीय पासपोर्ट चालतो. त्याशिवाय, १८ पूर्ण झालेल्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे: एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत, ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड. टेक्सास किंवा अॅरिझोनातल्या सीमेजवळच्या रस्त्यांवर तपासणी नाकी असतात. फोनमधल्या फोटोवर अवलंबून राहू नका.

मीट कॅनडातल्या ओंटारिओत असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. भारतीय पासपोर्टवरच्या एच-४ मुलाला कॅनडाचा व्हिसा हवा आणि त्याला आठवडे लागू शकतात. ग्रीन कार्डधारकाला वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. परत येताना अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला असला, पण आय-९४ वैध असेल आणि मुक्काम ३० दिवसांच्या आतला असेल, तर स्वयंचलित पुनर्वैधतेखाली परतता येतं. मात्र कॅनडात असताना नव्या व्हिसाचा अर्ज केला की ही सोय जाते. पालक सोबत नसतील तर दोघांच्या सहीचं नोटराइज्ड संमतिपत्र द्या.

औषधांचंही तसंच. दम्याचा इन्हेलर असो की साधी पॅरासिटामॉल, बहुतेक डिस्ट्रिक्टना डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. आजीने भारतातून आणलेली पट्टी मुलाच्या बॅगेत सापडली तर शिस्तभंगाचं प्रकरण होऊ शकतं. आणि बसमध्ये शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू देण्याआधी टीममध्ये कोणाला अॅलर्जी आहे का ते विचारा. राजगिऱ्याची वडी न्यायला हरकत नाही, तीसुद्धा घटक वाचूनच.

हंगाम संपल्यावर

राज्य स्पर्धेनंतर पोर्टलंडच्या ग्लेंडोव्हिअर गोल्फ कोर्सवर डिसेंबरात नायकी क्रॉस नॅशनल्स होते. तिथे टीम शाळेच्या नावाने धावत नाहीत; वेगळं क्लबचं नाव घेतात, कारण राज्य संघटनांचे हंगामाचे नियम शाळेला तिथे उतरू देत नाहीत. याचा अर्थ शाळेची बस नाही, शाळेची जर्सी नाही, बहुधा शाळेचा विमाही नाही. प्रवासाची जबाबदारी पालकांवर येते, आणि कोचने कोणत्या भूमिकेत सोबत यायचं हे राज्यागणिक बदलतं. त्यामुळे क्लबचं नाव, विमा आणि सोबतची प्रौढ माणसं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवावी लागतात. पात्र ठरल्यावर हातात थोडेच दिवस उरतात.

उलट दिशेची चूक हंगाम चालू असताना होते. शाळेच्या टीममध्ये असताना बाहेरच्या संघाकडून त्याच खेळात उतरायला सीआयएफसारख्या संघटना मनाई करतात. काही राज्यं थोडी सूट देतात. मिशिगनमध्ये वैयक्तिक खेळांत हंगामात बाहेरच्या दोनच स्पर्धांची मुभा आहे. मराठी मंडळाने दिवाळीच्या सुमारास ठेवलेली ५ किमीची धर्मादाय दौडही, वेळ नोंदवणारी असेल तर, यात येऊ शकते. नाव देण्याआधी अॅथलेटिक डायरेक्टरला दोन ओळींचा ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.