तळघरातला रियाज आणि वरची झोप

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी लेक तळघरात तबल्याचा रियाज करते. डग्ग्याची घुमक थेट वर सासूबाईंच्या खोलीत जायची; दुपारी त्यांचा डोळा लागेना. आधी मी छताला फोमचे चौकोन चिकटवले. पैसे वाया. फोमने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, आवाज अडत नाही. अडवायला वजन लागतं.

मग छताचं जुनं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, उतरवलं. तुळया 16-16 इंचांच्या अंतरावर होत्या, त्यांच्यामध्ये मिनरल वूल (आवाज शोषणारी खनिज तंतूंची लोकर) दाबून न बसवता अलगद भरलं. खालून रेझिलियंट चॅनेलच्या, म्हणजे ड्रायवॉल तुळयांना थेट टेकू न देणाऱ्या लवचिक धातूच्या, आडव्या पट्ट्या, त्यांवर 5/8 इंची ड्रायवॉलचे दोन थर, दोन थरांमध्ये ग्रीन ग्लू, हे कंप शोषणारं चिकट द्रव्य. तरी एका कोपऱ्यात आवाज तसाच! वर लाकडी जमिनीवर तळवा टेकवला तर ठेका हाताला कळत होता. काही स्क्रू लांब होते, पट्टीतून सरळ तुळईत घुसलेले; त्यांतून कंप थेट वर जात होता. ते काढून आखूड लावले आणि कडेच्या फटींत अकूस्टिक सीलंट, म्हणजे आवाज अडवणारं लवचिक लुकण, भरलं.

आता तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवर वाजणारा, 'ना' वर येत नाही. डग्ग्याचा खर्ज थोडा येतोच, तो अडवणं सगळ्यात कठीण. एसीच्या डक्टमधूनही आवाज चढतो. ते काम येत्या सुट्टीत. सासूबाई मात्र दुपारी शांत झोपतात.